टाचेतला एक थेंब

पौडजवळच्या कातकरी वाड्यांवर मूल उशिरा चालू-बोलू लागले की बोल आईलाच लागतो. म्हणून हा विषय मी घेतो.

१९३४ साली नॉर्वेतील एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन डॉ. फोलिंग यांच्याकडे गेली. मुलांची बुद्धी वाढत नव्हती, अंगाला कुबट वास येई. डॉक्टरांनी लघवीत फेरिक क्लोराइड घातले; रंग हिरवा झाला. पुढे या आजाराला फिनाइलकीटोन्युरिया नाव पडले. दूध, डाळ, अंडी यांच्या प्रथिनांतील एक घटक ही मुले पचवू शकत नाहीत. तो रक्तात साठतो व मेंदूला इजा करतो. दोष आई आणि वडील दोघांकडून येतो. दोघे स्वतः निरोगी असतात. प्रत्येक बाळंतपणात धोका चारात एक. (सासूबाईंना हे जरूर सांगावे.)

१९६०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतला रक्ताचा थेंब कागदावर टिपून तपासण्याची पद्धत रुजवली. पहिल्या आठवड्यांत वेगळा आहार सुरू झाला तर मूल इतरांसारखे वाढते. झालेली इजा मात्र भरून येत नाही. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणारे सरकारी तपासणी पथक उपयोगाचेच, पण यासाठी ते उशिरा पोहोचते. कुटुंब वीटभट्टीवर गेले की तीही भेट चुकते.

म्हणून बाळंतिणीला घरी नेण्याआधी डॉक्टरांना विचारा, टाचेची तपासणी कुठे होईल? आजार दुर्मीळ आहे. पण त्याच थेंबातून जन्मजात थायरॉइडची कमतरताही कळते. ती कितीतरी जास्त आढळते, आणि तिला रोजची एक स्वस्त गोळी पुरते.