लडाखचा प्लॅन : किलोमीटर नव्हे, मीटर मोजा

आपल्या हॉस्टेलमध्ये अशी एकही रूम नसेल, जिथे रात्री दोन वाजता कधी ना कधी लडाख ट्रिपचा विषय निघाला नाही. विषय निघतो, मॅप उघडला जातो, मनाली ते लेह किती किलोमीटर हे पाहिलं जातं, आणि कोणीतरी म्हणतं, "एवढंच ना? दोन दिवसांत मारू!" आमच्या आठ जणांच्या ग्रुपचा बेत मात्र आता खरंच ठरला आहे. पुढच्या वर्षी शेवटचा पेपर झाला की जूनअखेर निघायचं. घरच्यांची अट एकच, स्वतःच्या मनाने नाही, गाईडेड टूर घेऊनच जायचं. टूरवाल्यांकडून आलेले प्लॅन तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण ग्रुपमध्ये जर्नल वेळेवर पूर्ण असणारी मी एकटीच आहे. त्या अभ्यासातून जे कळलं ते इथे मांडते आहे.

थोडक्यात सांगायचं तर, आपण प्लॅन किलोमीटरमध्ये करतो, पण हिमालयात तो मीटरमध्ये करावा लागतो. म्हणजे उंचीच्या मीटरमध्ये.

हवा 'विरळ' होते म्हणजे काय?

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये 'रेअरफाईड एअर' पाठ केलं होतं. 'विरळ' हा शब्द मला आजीने दिला. ती "केस विरळ झाले" म्हणते, अगदी त्याच अर्थाने. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वर गेलं तरी सुमारे 21 टक्केच राहतं. हवेचा दाब कमी होतो, म्हणून एका श्वासात येणारे रेणूच कमी होतात. लेह 3500 मीटरवर आहे. तिथला दाब समुद्रसपाटीच्या साधारण 65 टक्के असतो. मनाली-लेह रस्त्यावरची सगळ्यात उंच खिंड तांगलांग ला, 5328 मीटर. तिथे तो 52 टक्क्यांच्या आसपास येतो. ('ला' म्हणजेच खिंड, त्यामुळे 'तांगलांग ला पास' म्हणणं म्हणजे 'खिंड खिंड' म्हणणं!) अंदाज यावा म्हणून सांगते, आपलं कळसूबाई 1646 मीटर आहे. लेहमध्ये आपण त्याच्या दुपटीपेक्षा जास्त उंचीवर नुसते झोपतो.

शरीर या बदलाशी जुळवून घेतं, पण त्याला वेळ लागतो. वेळ दिला नाही तर डोकं दुखतं, मळमळतं, जेवण नको होतं, चक्कर येते. याला ॲक्यूट माउंटन सिकनेस म्हणतात. दुर्लक्ष करून आणखी वर गेलं तर फुफ्फुसात पाणी साठू शकतं किंवा मेंदूला सूज येऊ शकते. ही दोन्ही जिवावर बेतणारी दुखणी आहेत. यात फिटनेस कामाला येत नाही. जिममध्ये रोज जाणारालाही त्रास होतो, आणि "मी तर तरुण आहे" हे उत्तर डोंगर ऐकून घेत नाही.

बोगदा झाला, फुफ्फुसं तीच राहिली

डॉक्टर मंडळींचा सर्वमान्य नियम असा : 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. नीट वाचा, उंची झोपायची. दिवसा खिंड ओलांडून खाली उतरलात तर शरीर बरंचसं सांभाळून घेतं. रात्र कुठे काढता यावर खरा खेळ आहे.

आता हा नियम आमच्याकडे आलेल्या सात दिवसांच्या पॅकेजला लावून बघू. पहिली रात्र मनाली, 2050 मीटर. दुसरी रात्र सर्चू, 4290 मीटर. एका दिवसात 2240 मीटरची उडी! पूर्वी रोहतांगचा घाट आणि तिथलं ट्रॅफिक यामुळे पहिल्या दिवशी गाडी आपोआप केलांग किंवा जिस्पाला थांबायची. 3 ऑक्टोबर 2020 ला 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला, अंतर 46 किलोमीटरने आणि वेळ चार-पाच तासांनी वाचला. गावकऱ्यांसाठी ही फार मोठी सोय झाली. पण आपल्यासारख्यांना आता दुपारीच जिस्पा मागे टाकण्याचा मोह होतो. रस्ता सुधारला, रक्ताला मात्र तेवढेच दिवस लागतात.

जिस्पाला (3200 मीटर) मुक्काम केला तरी पुढच्या रात्री सर्चू म्हणजे 1090 मीटरची चढ. म्हणून मनालीकडून जाणाऱ्याने जिस्पा किंवा केलांगला निदान दोन रात्री काढाव्यात. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे दिशाच उलटी करणं. श्रीनगरकडून चढा, मनालीकडून उतरा.

आमचा तक्ता

कंसात झोपायची उंची मीटरमध्ये दिली आहे. अंतरं ढोबळ आहेत.

दिवस 1 : श्रीनगर, गाड्या ताब्यात (1585)
दिवस 2 : सोनमर्ग, 80 किमी (2750)
दिवस 3 : झोजी ला, द्रासमार्गे कारगिल, 125 किमी (2680)
दिवस 4 : नमिका ला, फोटू ला ओलांडून लामायुरू, 110 किमी (3500)
दिवस 5 : लेह, 120 किमी (3500)
दिवस 6 : लेह, पूर्ण आराम (3500)
दिवस 7 : खारदुंग ला ओलांडून नुब्रातलं हुंडर, 125 किमी (3100)
दिवस 8 : परत लेह (3500)
दिवस 9 : चांग लामार्गे पांगाँग, 160 किमी (4250)
दिवस 10 : परत लेह (3500)
दिवस 11 : तांगलांग ला, लाचुंग ला करून सर्चू, 250 किमी (4290)
दिवस 12 : बारालाचा ला ओलांडून केलांग, 105 किमी (3080)
दिवस 13 : बोगद्यातून मनाली, 70 किमी (2050)
दिवस 14 : राखीव

गंमत बघा. सातव्या दिवशी आपण 5359 मीटरच्या खारदुंग लावर जातो, पण झोपतो 3100 वर. नवव्या रात्री पांगाँगला 4250 वर झोप होते. एका उडीत ही मोठीच चढ आहे, पण तोपर्यंत लेहच्या उंचीवर चार रात्री झालेल्या असतात. मग अकराव्या रात्री सर्चू येतं, तेव्हा ती उंची शरीराला नवी नसते. तेच सर्चू, पण मनालीहून दुसऱ्या रात्री भेटलं तर शत्रू, आणि अकराव्या रात्री भेटलं तर ओळखीचं.

"चौदा दिवस कुठून आणायचे?" हा प्रश्न आमच्यातही आलाच. दोघांची नोकरी लगेच सुरू होणार आहे. त्यावर खूप भांडण झालं. पांगाँग आणि नुब्रा ठेवून आरामाचा दिवस उडवा, असं बहुमत होतं. शेवटी ठरलं ते असं : ते दोघं दहाव्या दिवसापर्यंत सोबत राहतील आणि लेहहून विमानाने परततील. दिवस कमी असतील तर ठिकाणं गाळा, रात्री गाळू नका. (उलट, विमानाने थेट लेहला उतरणार असाल तर पहिले 48 तास गाडीला हातही लावू नका.)

इंजिनालाही धाप लागते

मेकॅनिकलवाल्यांसाठी हा भाग वायवाचा समजा. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद सिलिंडरमध्ये किती हवा शिरते यावर ठरते. समुद्रसपाटीला 24 बीएचपी देणारी गाडी तांगलांग लावर ढोबळ हिशोबाने 13 च देईल. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत आणखी एक भानगड असते. हवा कमी, पेट्रोल मात्र तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही, त्यामुळे मिक्स्चर रिच होतं, गाडी काळा धूर सोडते, बंद पडते. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. सेन्सर दाब ओळखून पेट्रोल कमी करतो. मिक्स्चर बरोबर राहतं, पण गेलेली ताकद कुठलाही सेन्सर परत आणत नाही.

म्हणून डबलसीट आणि मागे दोन सॅक हा प्रकार इथे चालत नाही. सामान बॅकअप गाडीत टाकायचं. दिवसाला दीडशे किलोमीटर भरपूर झाले. सर्चूचा अडीचशेचा दिवस अपवाद आहे, त्या दिवशी पहाटेच निघायचं. नाल्यांचं गणितही पहाटेच सुटतं. दिवसभर ऊन लागून बर्फ वितळतं आणि दुपारनंतर रस्त्यावरचं पाणी वाढतं. सकाळी घोट्यापर्यंत असलेला नाला संध्याकाळी गुडघ्यापर्यंत येऊ शकतो.

पेट्रोलसाठी लेह सोडताना कारूला टाकी फुल करायची आणि पुढचा भरवसा थेट केलांगजवळच्या तांदीचाच धरायचा. उलट बाजूने येणाऱ्यांना पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याचं सांगणारी तांदीची पाटी फोटोंमुळे प्रसिद्धच आहे. चढावर ॲव्हरेज पडतं, तेव्हा बॅकअप गाडीत जादा कॅन असायलाच हवेत.

टूरवाल्याला काय विचारायचं?

टी-शर्ट मिळणार का, हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी हे विचारा :

1. प्रत्येक रात्रीचा मुक्काम किती मीटरवर आहे? उत्तर लगेच आलं नाही तर काय समजायचं ते समजा.
2. पुढे लीड रायडर आणि सगळ्यांच्या मागे स्वीप रायडर आहे का? स्वीपच्या मागे कोणी राहता कामा नये.
3. बॅकअप गाडी, मेकॅनिक आणि भरलेला ऑक्सिजन सिलिंडर रोज सोबत असणार, की फक्त काही दिवस?
4. कोणी आजारी पडलं तर त्याला खाली कोण नेणार, आणि त्याची बाईक कोण चालवणार?
5. नुब्रा-पांगाँगला कोणती गाडी? बाहेरून भाड्याने आणलेल्या बाईक तिथे चालवायला लेहच्या स्थानिक संघटनांचा विरोध असतो. लेहमधून दुसरी गाडी घ्यावी लागेल का, आणि तिचं भाडं पॅकेजमध्ये आहे का?
6. राखीव दिवस आहे का? दरड कोसळली की रस्ता तुमचं रिटर्न तिकीट बघून उघडत नाही.

डायमॉक्स नावाची गोळी सगळे सुचवतात. ती सल्फा वर्गातली आहे, अशा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी जपायला हवं. तेव्हा मित्राच्या सल्ल्याने नाही, डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि पोस्टपेड सिम ठेवा, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे उपयोगाचं नाही.

शेवटी आमच्या ग्रुपने सह्या करून मान्य केलेला नियम सांगते. सकाळी उठल्यावर डोकं दुखत असेल तर ते लपवायचं नाही. ज्याचं दुखतंय तो त्या दिवशी वर जाणार नाही, आणि त्याच्यासोबत एकजण थांबेल. त्रास वाढला तर थांबणंही पुरेसं नाही, लगेच खाली उतरायचं, रात्र असली तरी. लीड रायडर "परत" म्हणाला की परत, तिथे व्होटिंग नाही. सोबत कोण थांबणार याच्या पाळ्या आत्ताच लावून ठेवल्या आहेत, कारण खिंडीच्या तोंडाशी उभं राहून मित्रासाठी मागे वळायचं कोणी, हे ठरवायला तिथे कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. आमचा तक्ता हवा असेल त्याने खुशाल घ्यावा. फक्त त्यातल्या कंसातले आकडे खोडू नका.