पहिले पाऊल, पहिला शब्द

हिमायतनगर म्हणजे पूर्वीचे वाढोणा. तेलंगणाच्या सीमेलगतच्या या तालुक्यात मराठी, उर्दू, तेलुगू व बंजारा बोली लेकरांच्या कानी पडतात. "घरात दोन भाषा, म्हणून ते बोलत नाही," असे कारण त्यामुळे सहज सांगितले जाते. ते बरोबर नाही. दोन भाषांत वाढणारे मूल शब्दांची सरमिसळ करते. परंतु दोन्ही भाषांतील शब्द एकत्र मोजल्यास त्याची प्रगती इतर मुलांसारखीच दिसते.

चालण्याबाबत पालकांनी धीर धरावा. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांचे निरीक्षण करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार मूल आधाराविना चालू लागण्याचा काळ साधारण आठव्या महिन्यापासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. अठरा महिने उलटूनही मूल चालत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. (जुना लाकडी पांगुळगाडा देण्यास हरकत नाही, मूल आत बसवण्याचा चाकांचा वॉकर टाळावा.) दोन वर्षांच्या मुलाने जमिनीवर लोळण घेणे, प्रत्येक गोष्टीस "नाही" म्हणणे, हेही वाढीचेच लक्षण आहे, ते वाईट वळण नव्हे.

बोलण्याबाबत मात्र वाट पाहणे महागात पडते. "याचा बाप तिसऱ्या वर्षी बोलला," असे आजी सांगतात आणि मोलाचे महिने निघून जातात. दीड वर्षाच्या मुलाने काही सार्थ शब्द उच्चारावेत, हवी ती वस्तू बोटाने दाखवावी. दोन वर्षांचे मूल "पाणी दे" असे दोन शब्द जोडते. तसे होत नसल्यास प्रथम श्रवणचाचणी करावी. परमेश्वराच्या यात्रेतील ढोलाकडे मूल वळते, म्हणून त्याला ऐकू येते, असा अनेकांचा समज असतो. ढोलाचा आवाज प्रचंड असतो, शिवाय त्याचे हादरे अंगाला जाणवतात; आईची हलकी हाक किंवा "स", "श" यांसारखे बारीक ध्वनी त्याच मुलाला ऐकू येत नसण्याची शक्यता असते. श्रवणदोष लवकर आढळला, तर श्रवणयंत्र व वाचोपचार यांचा लाभ अधिक होतो, कारण भाषा ग्रहण करण्याची मेंदूची क्षमता पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते.

येत असलेले शब्द मूल विसरू लागले, हाकेला वळेनासे झाले, नजर मिळवेनासे झाले, तर वय कोणतेही असो, एक दिवसही थांबू नये.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी करावयाची असते. ऊसतोडीसाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांची मुले नेमकी त्याच वेळी गावात नसतात. अशा मातांनी निघण्यापूर्वी वा परतताच अंगणवाडी सेविकेस भेटून तपासणीची तारीख विचारून घ्यावी.