मुलींची सायकल दहावीनंतर कोठे जाते?

स्त्रीस्वातंत्र्यावर आपल्या महाविद्यालयात वादसभा पुष्कळ होतात. परंतु पेणच्या बाजारपेठेतून रामवाडीपर्यंत एखादी स्त्री कशाने जाते, हा प्रश्न त्यांत मी कधी ऐकला नाही. प्रश्न दिसावयास किरकोळ आहे, म्हणूनच त्याचा थोडा अभ्यास करावा असे मला वाटले.

पेण आणि रोहा ही दोन्ही शहरे सायकलीच्या मापाची आहेत. रोजची कामे बहुधा तीन-चार किलोमीटरांच्या आत असतात व वस्तीतील रस्ते बरेचसे सपाट आहेत. तीन किलोमीटर चालावयास पाऊण तास लागतो, सायकलीने पाव तास. येऊनजाऊन एक तास वाचतो. त्यातून पुरुष सकाळी निघतो तो एका ठिकाणी जातो आणि संध्याकाळी परततो. बाईची फेरी निराळी असते. मुलाला शाळेत सोडायचे, दळण टाकायचे, भाजी घ्यायची, बँकेत डोकवायचे. मिनीडोअर ठरल्या रस्त्याने धावते, भरल्याशिवाय सुटत नाही आणि गिरणीच्या दारात तर थांबत नाहीच. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.चे भाडे निम्मे झाले, ही मोठीच सोय; पण एस.टी. गल्लीत येत नाही.

शाळेच्या वेळेस दोन्ही गावांत सायकलवर मुली दिसतात. पुढे त्या दिसेनाशा होतात. माझी एक मैत्रीण रोह्यात दहावीपर्यंत सायकलीनेच शाळेत जात असे. 'आता मोठी झालीस' असे म्हणून घरच्यांनी तिची सायकल धाकट्या भावाला दिली. रिक्षासाठी ताटकळून घरी पोहोचायला उशीर होऊ लागला, तेव्हा तिचा संध्याकाळचा क्लासच बंद झाला. सायकल गेली ती अभ्यासाचे दोन तास घेऊन गेली!

हे नुकसान मोजता येते. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास सुरुवात केली. मुरलीधरन व प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील विद्यार्थिनींना सायकली मिळतात. मात्र या योजना शाळेच्या दारापाशी संपतात. प्रौढ बाईचे काय?

त्याचे उत्तर तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्याने दिले आहे. तेथे १९९१ च्या सुमारास साक्षरतेची चळवळ चालू होती आणि शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. त्यांनी सायकल शिकणे हा साक्षरतेचाच भाग मानला. अंगणवाडी सेविका, शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या बाया, शिक्षिका अशा लाखभर स्त्रिया थोड्या काळात सायकल शिकल्या. सेविकांना सायकलीसाठी कर्जे मिळाली. पत्रकार पी. साईनाथ यांनी नोंदविलेली एक गंमत मला फार आवडते. लेडीज सायकली कमी पडल्या, तेव्हा बायांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि कित्येकींना त्याच पसंत पडल्या. कारण पुढच्या दांडीवर मूल बसविता येते. टवाळी झाली नाही असे नाही. पण एकटीची टवाळी करणे सोपे, शंभरजणी निघाल्या की टवाळखोर थकतो.

आपल्याकडील अडचणी मी नाकारीत नाही. पेणला महामार्ग ओलांडताना छाती दडपते. रोह्यात धाटावच्या कारखान्यांकडे जाणारे टँकर अंगावरून जातात. कुंडलिकेच्या पुलावर रोहा-अष्टमीची सारी रहदारी एकवटते. पावसाळ्याचे चार महिने तर कोकणात सायकल कोणालाच नकोशी होते. तरीही उरलेल्या आठ महिन्यांचा हिशेब कोणी मांडायचा? साधी सायकल पाच-सहा हजारांत येते, स्कूटरला लाखाच्या घरात जावे लागते. शिवाय घरात स्कूटर आली तरी तिची किल्ली बहुधा दुसऱ्याच्या खिशात असते.

रस्त्याच्या कडेला सायकलीपुरती पट्टी आखून घेणे हे नगरपरिषदेचे काम, आणि त्यासाठी अर्ज करावेच लागतील. शिकविण्याचे काम मात्र आपल्याला करता येईल. सायकल येणाऱ्या मुली आपल्या वर्गांत आहेत, जुन्या सायकली घरोघर माळ्यावर पडून आहेत, आणि महाविद्यालयाचे मैदान सकाळी सातपर्यंत मोकळेच असते. पहिल्या तुकडीत माझ्या आईचे नाव मी घातले आहे. तिचे वय ४६ आहे.