ओट्याचं गणित : कमी पैशात नवं स्वयंपाकघर

मित्रांनो, इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की एक गोष्ट हमखास होते. घरातलं काहीही बिघडलं की "तू इंजिनिअर ना, बघ जरा" असं म्हणून काम आपल्या गळ्यात पडतं. फ्यूज, मिक्सर, इस्त्री इथपर्यंत ठीक असतं. पण घरी स्वयंपाकघर नवीन करायचं ठरतं, वडिलांनी पीएफमधून किंवा पतसंस्थेच्या कर्जातून रक्कम काढलेली असते आणि मिस्त्री, सुतार, दुकानदार तिघंही तीन बाजूंनी बोलत असतात, तेव्हा मात्र खरी व्हायवा सुरू होते. हे काम घरात वीस-पंचवीस वर्षांतून एकदाच निघतं. चुकलं तर आई पुढची वीस वर्षं ते निमूटपणे सोसते. म्हणून हा लेख. सिलॅबसमध्ये नाही, पण सिलॅबसचाच आहे.

१) पैसे आधी कुठे घालायचे?

शोरूममध्ये गेलं की नजर आधी चकचकीत दारांवर जाते. खर्चाचा क्रम मात्र नेमका उलटा हवा. कामाचे तीन भाग करा. पहिला, जे भिंतीत गाडलं जातं किंवा पुन्हा फोडल्याशिवाय बदलता येत नाही : पाण्याचे पाइप, वायरिंग, सांडपाण्याचा उतार, ओट्याची उंची. दुसरा, थोड्या खटपटीने बदलता येतं असं : सिंक, नळ, ट्रॉल्या. तिसरा, कधीही करता येतं असं : वरची कपाटं, शटर, हँडल, चिमणी. पैसे याच क्रमाने खर्च करायचे. बजेट संपलं तर ते तिसऱ्या भागात संपू दे. खालच्या कप्प्यांना वर्षभर पडदे लावून काम भागतं, भिंतीतल्या गळक्या पाइपला पडदा लावता येत नाही.

२) ओट्याची उंची

ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. चार इंच उंची वाढवायला फारसे पैसे लागत नाहीत. आमच्या घरी जुना ओटा २९ इंचांचा होता आणि आईची उंची ५ फूट ४ इंच. नवीन करताना मिस्त्रींनी "सगळ्यांचा असाच असतो" म्हणत तेच माप पुन्हा धरलं होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "चालतंय की, सवय झालीय."

सवय म्हणजे काय, ते अप्लाइड मेकॅनिक्सच्या भाषेत बघू. कमरेच्या वरच्या शरीराचं वजन अंदाजे ३०० न्यूटन धरा आणि गुरुत्वमध्य कमरेपासून ३५ सेंटिमीटर वर. माणूस २० अंशांत वाकला की कमरेवर येणारा मोमेंट ३०० × ०.३५ × साइन २०, म्हणजे सुमारे ३६ न्यूटन-मीटर. हा मोमेंट तोलतात पाठीचे स्नायू आणि त्यांचा लिव्हर आर्म असतो साधारण ५ सेंटिमीटर. म्हणजे स्नायूंना ओढ द्यावी लागते ३६ भागिले ०.०५, सुमारे ७२० न्यूटन. सोप्या शब्दांत, ७० किलोहून जास्त ओझं. नुसतं उभं राहून पोळ्या लाटताना! आणि हे एकदा नाही, सकाळ-संध्याकाळ.

उपाय साधा आहे. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला घरातल्या चपला घालून सरळ उभं करा, हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेपने मोजा. त्यातून ४ ते ६ इंच वजा करा. आईचं कोपर भरलं ४० इंच, म्हणजे ओटा ३४ ते ३६. शेगडी आणि तिच्यावरची कढई आणखी वर येते, म्हणून आम्ही कमीतलं माप, ३४ इंच, धरलं. ठेंगण्या व्यक्तीसाठी हेच उत्तर ३१-३२ येईल. उंची मिस्त्रींच्या सवयीने नाही, कोपराने ठरवायची. आणि मोजताना तयार फरशीपासून मोजायची. वरून नवीन टाइल बसणार असेल तर तिची जाडी आधीच धरायची.

३) दोऱ्याचा प्रयोग

फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ ही नावं वर्क स्टडी शिकताना आपण पाठ करतो. यातल्या लिलियनबाईंनी पुढे स्वयंपाकघराच्या मांडणीवरही काम केलं. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं, तेही कामाच्या हालचालींचा विचार करूनच. आजच्या मॉड्युलर किचनची ही आजी म्हणायला हरकत नाही.

आपण घरी स्ट्रिंग डायग्राम करू शकतो. आलेख कागदावर नकाशा काढा. फ्रिज, सिंक, शेगडी, डब्यांचं फडताळ इथे टाचण्या टोचा आणि आई सकाळचा चहा-पोहे करताना जिथे जिथे जाते तिथे तिथे दोरा फिरवा. मग टाचण्यांच्या जागा बदलून पुन्हा तेच करा. ज्या मांडणीत दोरा कमी लागतो ती चांगली. दोन गोष्टी मात्र सांभाळा : सिंक आणि शेगडीमध्ये भाजी चिरायला दोन-अडीच फूट मोकळी जागा, आणि ओट्यासमोर उभं राहायला किमान तीन फूट.

४) सांगाडा दगडाचा, दार लाकडाचं

बजेट कमी असेल तर प्लायवूडच्या पेट्या करण्यापेक्षा आपल्याकडची जुनी पद्धत बरी : वर ग्रॅनाइट, खाली कडाप्प्याचे उभे पार्टिशन, त्यात स्टीलच्या ट्रॉल्या, आणि प्लाय फक्त शटरला. कडाप्पा पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. मग वरही कडाप्पाच का नको? कारण कडाप्पा हा चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं की आम्लाची कॅल्शियम कार्बोनेटशी प्रक्रिया होते आणि डाग कायमचा राहतो. ग्रॅनाइट मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचा, त्याला स्वयंपाकघरातली आम्लं सहसा काही करत नाहीत.

या पद्धतीत एक काळजी घ्यावी लागते. ट्रॉलीचे बास्केट १५, १७, १९, २१ इंच अशा ठरलेल्या मापांत येतात आणि टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच जागा लागते. म्हणून ट्रॉली आधी ठरवायची, कडाप्पा नंतर उभा करायचा.

प्लाय घेताना "वॉटरप्रूफ आहे साहेब" एवढ्यावर जाऊ नका, शिक्का बघा. सिंकखालच्या शटरला आयएस ७१० चा प्लाय घ्या. त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळवतात. साधा एमआर प्लाय फक्त दमटपणा सहन करतो, पाणी नाही. दोन दुकानांतून तुकडे मागून घ्या, व्हर्नियरने जाडी मोजा, २४ तास पाण्यात बुडवा आणि परत मोजा. व्हर्नियरचा इतका चांगला उपयोग प्रॅक्टिकललाही होत नाही.

सिंकच्या बाबतीत दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात. चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ ग्रेड, असं नाही. २०२ ग्रेडलाही चुंबक फारसा चिकटत नाही. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. त्यामुळे ते स्वस्त, पण मीठ-पाण्यात लवकर डागाळतं. ग्रेड बिलावर लिहून घ्या.

५) कोटेशन वाचणं

समजा एल आकाराचा ओटा, एका भिंतीला १० फूट, दुसऱ्या भिंतीला ६ फूट, रुंदी २ फूट. "१६ रनिंग फूट गुणिले २, झाले ३२ चौरस फूट" असा हिशेब येतो. पण कोपरा दोनदा मोजला गेला! खरं क्षेत्रफळ १० × २ अधिक ४ × २, म्हणजे २८ चौरस फूट. चार फुटांचे पैसे वाचले. दगड कापताना वाया जाणारा भाग वेगळा धरा, पण तो वेगळा लिहूनच. कडेची गोलाई, सिंकचं कटिंग, मजुरी, वाहतूक दरात आहे की बाहेर, हेही लिहून घ्या. दोन कोटेशनची तुलना करायची तर दोन्ही एकाच एककात आणायची. हे आपल्याला पहिल्या सेमिस्टरपासून शिकवतात.

६) वीज आणि गॅस : इथे काटकसर नको

इंडक्शन २००० वॅट, मायक्रोवेव्ह १२००, मिक्सर ७५०. एकूण ३९५० भागिले २३०, म्हणजे सुमारे १७ अँपिअर. तिन्ही एकाच १६ अँपिअरच्या लाइनवर एकदम चालवले तर लाइनवर क्षमतेपेक्षा जास्त भार येतो आणि एमसीबी पडू शकतो. मग कुणीतरी शहाणा मोठा एमसीबी बसवतो आणि वायर तीच राहते. आग लागते ती अशी. म्हणून ओट्यासाठी निदान दोन वेगळ्या लाइन घ्या. १६ अँपिअरच्या पॉइंटला किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. सॉकेट सिंकपासून दूर.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साठतो. त्यामुळे सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी झरोके हवेतच, कप्पा बंद पेटीसारखा नको. पाइप गॅस आला असेल तर तो बहुतांशी मिथेन, हवेपेक्षा हलका, म्हणून झरोका छताजवळही हवा. सुरक्षा नळी आयएसआय मार्कची घ्या आणि पाच वर्षांनी बदला. दगडातून नळी जाते त्या भोकाची कड घासून गुळगुळीत करून घ्या. एलपीजी गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक फडताळाच्या दारामागे लिहून ठेवा.

७) कामाचा क्रम

तोडफोड, पाइप आणि वायरिंग, पाइपला दाब देऊन गळती तपासणं, ओटा, टाइल्स, रंग, आणि शेवटी ट्रॉल्या-शटर. टाइल लावण्याआधी भिंतीवर टेप धरून मोबाइलने फोटो काढा. उद्या खिळा मारताना पाइप कुठे आहे ते कळेल. शटरची मापं टाइल लागल्यावरच घ्या. पैसेही याच टप्प्यांनी द्या, सगळे आगाऊ नको.

तर मित्रांनो, सुट्टीत घरी जाताना बॅगेत एक टेप टाका. काम निघालेलं नसलं तरी आईच्या कोपराचं माप घेऊन वहीत लिहून ठेवा. "कशाला रे" असं ती म्हणेलच. तरी घ्या.