लष्कराने सत्ता घेतली की व्यापाराचं काय होतं? म्यानमारच्या उदाहरणातून एक पाठ



नववीच्या राज्यशास्त्रात 'संयुक्त राष्ट्रे', 'भारताच्या परराष्ट्र धोरणाची वाटचाल' आणि 'भारत व अन्य देश' असे पाठ आहेत. भूगोलात 'व्यापार' हा पाठ वेगळा येतो. आपण हे सगळं सुटंसुटं शिकवतो, आणि मुलंही परीक्षेपुरतं सुटंसुटं लक्षात ठेवतात. पण एखाद्या देशात लष्कर सत्ता बळकावतं तेव्हा हे सगळे पाठ एकाच दिवशी एकत्र येतात. शेजारच्या म्यानमारचं उदाहरण घेतलं तर हे नीट समजावता येतं, कारण त्या गोष्टीचं एक टोक आपल्या वरणाच्या वाटीपर्यंत येतं.

या पाठात एक अवघड प्रश्न आहे आणि मुलं तो विचारतातच: "लोकशाही मोडणाऱ्या देशाकडून आपण डाळ घ्यावी का?" तो टाळू नये, म्हणून हा लेख.

१. नेमकं काय घडलं?

म्यानमार म्हणजे पूर्वीचा ब्रह्मदेश. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिलं आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं, एवढं मुलांना माहीत असतं. तिथून सुरुवात करावी. नकाशात अरुणाचल प्रदेश, नागालँड, मणिपूर आणि मिझोराम ही चार राज्यं दाखवावीत. त्यांची मिळून १,६४३ किलोमीटरची सीमा म्यानमारला लागून आहे.

नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आंग सान स्यू की यांच्या पक्षाला मोठं बहुमत मिळालं. लष्कराने मतदारयाद्यांत घोटाळा झाल्याचा आरोप केला, निवडणूक आयोगाने तो फेटाळला. १ फेब्रुवारी २०२१ रोजी नवी संसद पहिल्यांदा भरायची होती. त्याच पहाटे लष्कराने स्यू की आणि राष्ट्राध्यक्ष विन मिंट यांना ताब्यात घेतलं, आणीबाणी जाहीर केली आणि सत्ता लष्करप्रमुख मिन आंग ह्लाइंग यांच्या हाती गेली. अशा घटनेला आपण लष्करी उठाव किंवा लष्करी सत्तापालट म्हणतो. म्यानमारला हे नवीन नव्हतं, १९६२ पासून तिथे अनेक दशकं लष्कराचंच राज्य होतं.

२. जगापुढचा पहिला प्रश्न: खुर्चीवर कोण बसणार?

मुलांना वाटतं, सत्ता घेतली म्हणजे विषय संपला. पण इतर देशांनी कोणाशी बोलायचं, कोणाची सही धरायची, हा प्रश्न लगेच उभा राहतो. याला 'मान्यता' म्हणतात. तीन प्रसंग सांगावेत.

पहिला न्यूयॉर्कचा. २६ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारचे राजदूत क्यॉ मो टुन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वतःच्याच देशाच्या लष्कराविरुद्ध भाषण केलं आणि शेवटी तीन बोटं उंचावून निषेध केला. लष्कराने त्यांना बडतर्फ केलं. पण संयुक्त राष्ट्रांनी नवीन माणसाला मान्यता देण्याचा निर्णय पुढे ढकलला, त्यामुळे ते त्या जागेवर कायम राहिले.

दुसरा लंडनचा. तिथल्या राजदूतांनी स्यू की यांच्या सुटकेची मागणी केली होती. एप्रिल २०२१ मध्ये दूतावासातल्याच माणसांनी त्यांना बाहेर ठेवून दार लावून घेतलं. ब्रिटनने उठावाचा निषेध केला होता, तरी राजदूताची नेमणूक संपल्याची नोटीस त्याला मान्य करावी लागली. निषेध करणं आणि राजनैतिक व्यवहार थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे चांगलं समजतं.

तिसरा प्रसंग आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा. एकमेकांच्या अंतर्गत कारभारात पडायचं नाही, हा तिचा जुना नियम. एप्रिल २०२१ मध्ये जकार्ताला पाच मुद्द्यांवर सहमती झाली: हिंसा थांबवा, संवाद करा, मदत पोहोचू द्या, विशेष दूत नेमा, त्या दूताला सर्वांना भेटू द्या. लष्कराने त्यातलं फारसं काही केलं नाही. तेव्हा ऑक्टोबरच्या शिखर परिषदेला मिन आंग ह्लाइंग यांना बोलावलंच नाही. आसियानसाठी हे फार मोठं पाऊल होतं.

३. निर्बंध म्हणजे काय, आणि ते कोणावर?

'निर्बंध लादले' हे शब्द बातम्यांत रोज येतात. वर्गात त्याचे तीन प्रकार करून सांगावेत.

*व्यक्तींवर:* लष्करी अधिकाऱ्यांची परदेशातली मालमत्ता गोठवणं, त्यांना व्हिसा नाकारणं. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय महासंघ यांनी हे केलं.

*पैशांवर:* म्यानमार सरकारचे सुमारे १ अब्ज डॉलर अमेरिकेत ठेवलेले होते. ते लष्कराला काढता येणार नाहीत अशी व्यवस्था अमेरिकेने फेब्रुवारी २०२१ मध्येच केली.

*कंपन्यांवर:* म्यानमारचं लष्कर स्वतःच मोठा व्यापारी आहे. त्याच्या दोन कंपनी-समूहांचे हात बँका, खाणी, रत्नं, बिअर अशा कितीतरी धंद्यांत आहेत. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेने या दोन्ही समूहांवर निर्बंध घातले.

युरोपीय महासंघाने काय केलं नाही, तेही सांगावं. गरीब देशांच्या मालाला तो शस्त्रं सोडून बाकी सगळ्यावर जकात माफ करतो. ही सवलत त्याने म्यानमारकडून काढून घेतली नाही. कारण तिच्या जोरावर तिथे कपडे शिवण्याचे कारखाने उभे राहिले होते आणि त्यांत काम करणाऱ्या बहुतेक बायका. सवलत गेली असती तर घाव जनरलवर बसण्याआधी शिलाई मशीनवरच्या मुलीवर बसला असता.

४. कंपन्या गेल्या, धंदा थांबला का?

जपानच्या किरिन कंपनीने उठावानंतर चारच दिवसांत लष्कराच्या कंपनीबरोबरची बिअरमधली भागीदारी सोडण्याचं जाहीर केलं. नॉर्वेच्या टेलिनॉरने आपला मोबाईलचा धंदा विकला. आपल्याकडच्या अदानी पोर्ट्सने यांगूनमधलं कंटेनर टर्मिनल सोडायचं ठरवलं आणि मे २०२३ मध्ये ते ३ कोटी डॉलरला, म्हणजे गुंतवणुकीपेक्षा बऱ्याच कमी किमतीला विकलं.

सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण नैसर्गिक वायूचं आहे. परकीय चलन मिळवून देणारा म्यानमारचा हा मोठा माल. फ्रान्सची टोटल आणि अमेरिकेची शेव्हरॉन या कंपन्यांनी जानेवारी २०२२ मध्ये यदाना वायूक्षेत्रातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. मुलांना विचारा, "मग वायू बंद झाला असेल?" बहुतेक जण हो म्हणतील. प्रत्यक्षात टोटलच्या जागी थायलंडची कंपनी क्षेत्र चालवू लागली आणि वायू पूर्वीप्रमाणे थायलंडला जात राहिला. थायलंडची वीज त्यावर अवलंबून, तो नळ बंद करणार कसा?

यातून एक साधा नियम मुलांच्या हाती येतो. दूरचा देश रागावला तर त्रास होतो. पण शेजारी माल घेत राहिले तर राज्यकर्त्यांचं चालून जातं. चीन, थायलंड आणि भारत हे म्यानमारचे मोठे शेजारी. तिघांनीही व्यापार चालू ठेवला.

५. किंमत कोणी मोजली?

लष्कराला पैसा कमी पडला, पण जास्त भरडली सामान्य माणसं. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२१ च्या आर्थिक वर्षात म्यानमारची अर्थव्यवस्था सुमारे १८ टक्क्यांनी आकसली. एटीएमपुढे रांगा लागल्या, कारण बँक कर्मचारीही संपावर गेले होते.

चलनाचं गणित फळ्यावर करून घ्यावं. उठावाआधी १ डॉलरला साधारण १,३३० क्यात पडत. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने अधिकृत दर २,१०० केला, खुल्या बाजारात तो त्याहूनही वर होता. आता समजा, बाहेरून आणलेल्या तेलाच्या डब्याची किंमत १० डॉलर आहे. आधी तो १३,३०० क्यातला पडायचा, नंतर २१,००० ला. डबा तोच, डॉलरमधली किंमतही तीच, तरी घरच्या खर्चात जवळजवळ ५८ टक्के वाढ! औषधं आणि इंधन यांचंही असंच.

आपल्या पेशाशी जोडलेली एक गोष्टही सांगायला हवी. उठावाचा निषेध म्हणून हजारो शिक्षक कामावर गेले नाहीत. तिथल्या शिक्षक संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे मे २०२१ पर्यंत सव्वा लाखाच्या आसपास शाळाशिक्षकांना निलंबित करण्यात आलं. शाळा उघडल्या तेव्हा कित्येक पालकांनीही मुलांना पाठवलं नाही.

६. भारत आणि आपली तूर

जून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारच्या लष्कराचा निषेध करणारा ठराव आला. बाजूने ११९ मतं, विरोधात बेलारूसचं एक, आणि ३६ देश तटस्थ. भारत तटस्थ राहिलेल्यांत होता. त्याच जून महिन्यात भारताने म्यानमारकडून दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर खासगी व्यापाऱ्यांमार्फत आणण्याचं पाच वर्षांसाठी ठरवलं.

या दोन गोष्टी शेजारी-शेजारी लिहा आणि वर्गाला दोन मिनिटं शांत विचार करू द्या. मग दोन्ही बाजू मांडा.

*घेण्याच्या बाजूने:* आपल्याकडे पाऊस चुकला की डाळ महागते, आणि गरिबाच्या ताटात प्रथिनं येतात ती डाळीतूनच. बाहेरून येणाऱ्या उडदाचा मुख्य पुरवठादार म्यानमार आहे. तिथला शेतकरी तूर पिकवतो तो मुख्यतः भारतासाठीच, ती त्यांच्या रोजच्या जेवणातली नाही. आपण घेतली नाही तर नुकसान त्या शेतकऱ्याचं. शिवाय ईशान्येतल्या बंडखोर गटांचे तळ सीमेपलीकडे असतात, सितवे बंदरातून मिझोरामकडे जाणारा कलादान प्रकल्प अर्धवट आहे, आणि आपण दूर झालो तर ती जागा चीन भरून काढेल अशी दिल्लीची धास्ती आहे. १९८८ च्या आंदोलनाच्या वेळी भारताने लोकशाहीवाद्यांची बाजू उघडपणे घेतली होती. नव्वदच्या दशकात मात्र याच कारणांनी लष्कराशी बोलणी सुरू केली.

*विरोधात:* व्यापार चालू राहिला की राज्यकर्त्यांना बळ आणि कर दोन्ही मिळतात. तिथल्या हिंसेचे परिणाम आपल्याच दारात येतात, मिझोराममध्ये हजारो निर्वासित आले. आणि लातूर-अकोल्याच्या बाजारात तूर विकणारा आपला शेतकरी विचारतो, आयातीने भाव पडले तर माझं काय?

शिक्षकाने आपलं मत शेवटी सांगायला हरकत नाही. माझं मत असं: डाळ घेणं चूक नाही, पण डाळ घेतो म्हणून गप्प बसणं बरोबर नाही. ग्राहकाचाही शब्द असतो, तो वापरता येतो. मुलांनी मात्र हेच मत धरावं असा आग्रह नको.

७. तुलनेसाठी: नायजर

शेजाऱ्यांनी खरोखर दार लावलं तर काय होतं? २६ जुलै २०२३ रोजी आफ्रिकेतल्या नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली. इकोवास या पश्चिम आफ्रिकी संघटनेने काही दिवसांत सीमा बंद केल्या, व्यवहार रोखले. नायजेरियाने वीज तोडली, आणि नायजरची सुमारे ७० टक्के वीज तिथूनच येत होती. सीमेवर ट्रक अडकले, अन्न-औषधं महागली. तरी लष्कर हटलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये नायजर, माली आणि बुर्किना फासो यांनी इकोवास सोडत असल्याचं जाहीर केलं आणि फेब्रुवारीत संघटनेनेच बरेचसे निर्बंध उठवले. म्हणजे शेजाऱ्याचा घाव खोल बसतो, पण तो बसतो लोकांवर आणि शेजारही तुटू शकतो.

वर्गात कसं घ्यावं? (दोन तासिका)

• पहिली तासिका: नकाशा, घटनाक्रम, चलनाचं गणित.

• दुसरी तासिका: वर्गाचे सहा गट – लष्करी सरकार, अमेरिका, थायलंड, भारत, कपडे शिवणारी कामगार, मराठवाड्यातला तूर उत्पादक. प्रश्न एकच: "व्यापार थांबवायचा का?" प्रत्येक गटाने तीन मिनिटं बोलायचं. कामगार आणि शेतकरी यांना सर्वांत शेवटी बोलू द्या, चर्चेचा रंग बदलतो.

पालकांसाठी: किराणा दुकानात मुलाला तूर आणि उडदाचा भाव विचारायला सांगा. डाळ देशी की बाहेरची, हेही दुकानदाराला विचारू द्या. घाऊक व्यापारी ओळखीचा असेल तर उत्तम.

स्वाध्याय

१. निषेध करणे आणि मान्यता नाकारणे यांतील फरक उदाहरणासह लिहा.

२. टोटल कंपनी बाहेर पडूनही वायूची निर्यात का थांबली नाही?

३. चलनाची किंमत घसरली की आयात वस्तू महाग का होतात?

४. युरोपीय महासंघाने जकातीची सवलत चालू ठेवली, हे तुम्हाला योग्य वाटते का? कारणे द्या.

५. संयुक्त राष्ट्रांतील ठरावावर तुम्ही भारताचे प्रतिनिधी असता तर कसे मत दिले असते? मत देण्याआधी कोणाकोणाला विचारले असते?

पाचव्या प्रश्नाला गुण देताना मत पाहू नका. किती लोकांचा विचार केला, ते पाहा.