सगळ्या वर्गाला एकच गोळी?

प्रश्न : नातवाच्या शाळेत परवा सगळ्या मुलांना जंताची गोळी दिली. पोटात जंत आहेत की नाहीत हे न बघताच सरसकट औषध का देतात? आणि गोड जास्त खाल्लं की जंत होतात, हे खरं का?

उत्तर : आधी गोडाचं बघू. गुळानं, पेढ्यानं जंत होत नाहीत. (गोड कमी खायला सांगायला दुसरी भरपूर कारणं आहेत.) जंत येतात मातीतून. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती शौचावाटे बाहेर पडतात, उघड्यावरच्या ओलसर मातीत दोन-तीन आठवडे मुरतात आणि न धुतलेल्या हातांवरून किंवा भाजीवरून पुन्हा कुणाच्या तरी पोटात जातात. आकडीकृमीची तऱ्हा वेगळी. त्याच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतूनच आत शिरतात. जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा हा किडा आतड्याला डसून रक्त पितो. असे पुष्कळ झाले की मूल पांढरंफटक पडतं, वर्गात पेंगतं. मास्तर त्याला आळशी म्हणतात.

आता तपासणी. त्यासाठी प्रत्येक मुलाचा शौचाचा नमुना, सूक्ष्मदर्शक आणि तो बघणारा जाणता माणूस हवा. हा खर्च गोळीच्या कितीतरी पट होतो. उलट अल्बेंडाझोलची एक गोळी अगदी स्वस्त, आणि जंत नसलेल्या मुलानं घेतली तरी सहसा काही बिघडत नाही. म्हणून जिथे पाचातल्या एका मुलाला तरी जंत असतात, तिथे न तपासता सगळ्यांना गोळी द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे 2015पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन त्यासाठीच आहे. त्यात 1 ते 19 वर्षांची मुलं येतात.

गोळीने शिक्षण सुधारतं का, हा मात्र वादाचा मुद्दा. केनियातल्या बुसिया भागात 1998पासून एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी 75 शाळांत अशा गोळ्या देण्याचा प्रयोग केला. मुलांची गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली, आणि गोळी न घेतलेल्या आसपासच्या मुलांनाही फायदा झाला, असं त्यांनी मांडलं. क्रेमर यांना पुढे 2019चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. पण 2015 साली लंडनच्या संशोधकांनी तीच आकडेमोड पुन्हा केली तेव्हा तिच्यात चुका निघाल्या. इतर पाहण्यांतही वजन किंवा अभ्यासावर फारसा परिणाम दिसलेला नाही. माझं मत विचाराल तर गोळी द्यावीच, पण ती हजेरी वाढवेल म्हणून नव्हे; पोटात किडे घेऊन मुलानं बसू नये, एवढं कारण मला पुरतं.

फक्त एक गोष्ट अहवालांत मागे पडते. गोळी पोट साफ करते, अंगण नाही. शाळेच्या संडासाला पाणी नसेल आणि मुलं आडोशाला जात असतील, तर काही महिन्यांत पोटात पुन्हा जंत.

नातवाला गोळी चावून खायला सांगा. त्या दिवशी ताप असेल तर घेऊ नये. राहिलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा फेरी असते. गोळीनंतर थोडं पोट दुखलं, मळमळलं तर घाबरू नका, जंत जास्त असले की तसं होतं. त्रास थांबला नाही तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगा.