बॅटरी पायात धरा

आमच्या लातूरकडं ‘रान’ म्हणजे शेत. ‘बाबा कुठंयत?’ तर ‘रानात गेलेत.’ जिल्ह्याच्या एक टक्का जमिनीवरही जंगल नाही, त्यामुळं या शब्दाला दुसराही अर्थ असतो हे मला १९९८ साली कळलं. त्या वर्षी नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात शिक्षक म्हणून नेमणूक झाली. साग, मोह, तेंदू, आणि पलीकडं पैनगंगेचं अभयारण्य. मुक्कामी एसटी रात्री नऊला फाट्यावर सोडायची. तिथून शाळेचं गाव साडेतीन किलोमीटर, सागवानातून पायी. ती वाट मी नऊ वर्षं चाललो. आता गावी परतलोय, तर मोटारीची थ्री फेज लाइट पाळीपाळीनं रात्रीची येते आणि हरभऱ्याला पाणी द्यायला अंधारातच जावं लागतं.

या दोन्ही रानांपायी आजवर अकरा बॅटऱ्या घेतल्या. दुकानदार टॉर्च म्हणतो, पाठ्यपुस्तक विजेरी म्हणतं. आमच्याकडं ती बॅटरीच. अकरांतल्या चार कामाच्या निघाल्या. बाकीच्या सातांची फी भरून जे शिकलो, ते असं.

१. आधी पाय बघा, मग वाघ

पहिल्या रात्री गावचे कोतवाल मला न्यायला फाट्यावर आले होते. माझ्या हातात तीन सेलची नवी कोरी बॅटरी. तिचा झोत मी सागाच्या शेंड्यांवर, वळणावर, झुडपांत फिरवत चाललेलो. पाच मिनिटं त्यांनी सोसलं. मग म्हणाले, ‘गुर्जी, काहून एवढ्या लांब मारून राह्यले? बॅटरी पायात धरा.’

त्यांची स्वतःची बॅटरी जुनी, पिवळट उजेडाची, काचेला तडा गेलेली. ती दोन पावलं पुढं धरून ते चालत होते. थोड्या वेळानं त्यांनी मला दंडाला धरून थांबवलं. सागाच्या वाळलेल्या पाचोळ्यात घोणस वेटोळं करून पडली होती. पानांचा रंग तोच तिचा रंग. फरक एवढाच की तिच्या अंगावरचे डाग साखळीसारखे ओळीत होते, आणि पानांवरचे डाग ओळीत नसतात. माझा झोत तेव्हा पन्नास फुटांवरच्या वारुळावर होता.

मण्यार तर रात्रीचीच. घोणसही बहुतेक रात्रीच बाहेर पडते आणि माणूस आला म्हणून जागा सोडत नाही. म्हणून दुकानात मी बॅटरी समोरच्या पाटीवर मारून बघत नाही, फरशीवर स्वतःच्या पायांपुढं मारतो. मधोमध पांढराफेक ठिपका आणि भोवती काळोख असेल तर ती परत. वाटेच्या रुंदीभर सारखा उजेड पसरत असेल तरच भावाची गोष्ट.

२. खोक्यावरचा आकडा घरच्या बल्बाशी ताडून पाहा

एकदा मुठीत मावणारी, ‘दहा हजार लुमेन’ छापलेली बॅटरी साडेतीनशेला घेतली. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. घरी बल्बाचं खोकं सापडलं: नऊ वॉटचा एलईडी, नऊशे लुमेन. म्हणजे माझ्या मुठीत असले अकरा बल्ब पेटायला हवे होते. खोलीतला दिवा घालवला, बॅटरी जमिनीवर उभी करून छताकडं सोडली आणि वर्तमानपत्र उघडलं. मथळा वाचता आला, बातमी नाही.

तेव्हापासून हीच परीक्षा. पायी चालायला शंभर-दीडशे लुमेन पुष्कळ झाले. तीनशेची गरज कधीमधी पडते. ‘झोत ५०० मीटर’ या आकड्यालाही फसू नका. उजेड क्षीण होत होत पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो, ते अंतर मोजायची पद्धत आहे. आता चांदण्यात पाचशे मीटरवरचा रोही आहे की बाभळीचं खोड, हे कुणी सांगून दाखवावं! शिवाय झोत दुप्पट लांब न्यायचा तर त्याची तीव्रता चौपट लागते. आपले पैसे तिथंच जातात, आणि पायाखाली अंधार तो अंधारच.

३. सेल काट्यावर ठेवा

आपल्याकडं खूप खपते ती भिंतीच्या सॉकेटात थेट खोचायची, जाड प्लास्टिकची बॅटरी. स्वस्त असते, उजेडही बरा. पण तिच्या पोटात बरेचदा शिसं-आम्लाचा संच असतो, गाडीच्या बॅटरीचा धाकटा भाऊ. तो रिकाम्यापोटी पडून राहिला की मरतो. मी सुगी झाल्यावर ती माळ्यावर टाकली, मृगाला काढली, तर ढिम्म. अशा दोन गेल्या. ज्याला महिन्यातून एकदा आठवणीनं चार्ज करणं जमतं त्यानं ती जरूर घ्यावी. मला जमत नाही.

आता मी लिथियमचा सेल बाहेर काढता येईल अशी घेतो. त्या सेलवर १८६५० लिहिलेलं असतं: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. एवढ्या देहात ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच मावतात. ‘९९००’ छापलेलं दिसलं की तो सेल खोटा. खरा सेल पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम भरतो. मी असला एक ‘९९००’वाला किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला, तर अठ्ठावीस ग्रॅम. दुकानदार म्हणाला, ‘गुरुजी, ह्यात तर वाराच भरलाय.’

आणि जिथं लाइटचाच भरवसा नाही, तिथं साध्या पेन्सिल सेलवर चालणारी बॅटरी बरी. ते सेल कुठल्याही टपरीवर मिळतात. फक्त हंगाम संपला की काढून ठेवा, नाहीतर गळून स्प्रिंग खातात.

४. डोक्याचा दिवा खोऱ्यासाठी, हातातला चालण्यासाठी

पुतण्यानं पुण्याहून कपाळाला बांधायचा दिवा आणून दिला. दारं धरताना तो सोन्यासारखा: दोन्ही हात खोऱ्याला मोकळे. पण तो लावून चालताना दोनदा ठेच लागली, तेव्हा विचार केला. उजेड डोळ्यांच्या शेजारूनच निघाला की सावली वस्तूच्या मागं लपते आणि खड्डा, दगड, साप सगळं एका पातळीत दिसतं. बॅटरी कमरेखाली, तिरपी धरली की प्रत्येक खड्याला सावली येते. शिवाय पावसाळ्यात कपाळावरच्या उजेडाला येणारे किडे थेट नाकातोंडात जातात.

कपाळाच्या दिव्याचा एक गुण मात्र मान्य. उजेड डोळ्यांजवळ असल्यानं कोल्ह्याचे, हरणाचे, अगदी कोळ्याचेही डोळे लांबून चमकताना दिसतात. सापाचे चमकत नाहीत. म्हणून ‘काही चमकलं नाही, म्हणजे वाट मोकळी’ असं मानू नका.

५. मंद उजेडाचं बटण पहिलं हवं

डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो, आणि एक लख्ख झोत ती कमाई क्षणात उडवतो. माझ्या एका बॅटरीला बटण दाबलं की आधी पूर्ण उजेड, मग मंद, मग लुकलुक, असा क्रम होता. बंद करायलाही लुकलुक ओलांडावी लागे. रात्री दोनला बांधावर उभं राहून ही वरात कोण काढणार? जी आधी मंद पेटते, तीच घ्या. बटण ओल्या, चिखलानं माखलेल्या अंगठ्याला नुसतं चाचपून सापडलं पाहिजे. खोक्यावर आयपीएक्स ४ असेल तर पावसाचे शिंतोडे सोसते. आयपीएक्स ७ असेल तर दांडात पडली तरी उचलून पुढं चालता येतं. मनगटाला दोरी असेल तर ती पडतच नाही.

६. बॅटरी हे हत्यार नाही

मार्चअखेरीपासून मोह गळायला लागतो. किनवटच्या पोडांवरच्या, तांड्यांवरच्या बाया उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन मोहाखाली जातात, कारण तेच फूल अस्वलालाही आवडतं आणि वेळही त्याचीच असते. अस्वलाला दिसतं कमी, वास फार. अचानक समोर माणूस आला तर ते बिथरून अंगावर येतं. मी समजत होतो की त्या उजेडाच्या भरवशावर जातात. पण त्यांची बॅटरी फुलं वेचण्यापुरती, खाली. अस्वलासाठी त्या मोठ्यानं बोलत, काठी आपटत, पाचसहा जणी मिळून चालतात. त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा मीच एकटा गप्प होतो. एक आजी म्हणाली, ‘बोला की मास्तर, शाळेत तं लई बोलता.’

आणखी एक. अभयारण्यात रात्री परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नसतं. तिथं झाडीत झोत फिरवणारा माणूस वनरक्षकाला आधी शिकारी वाटतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

७. खुंटीवर टांगू नका

हा धडा सगळ्यांत जुना, पण शेवटी ठेवलाय. आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं: भूकंप. आदल्या रात्रीच गणपती बोळवून सगळे झोपले होते. वडिलांची पितळी बॅटरी ओसरीच्या खुंटीवर असायची, कायम, सेल भरलेली. ती भिंतच खाली आली. आम्ही अंगणात निघालो तेव्हा शेजारच्या माळवदाखालून हाक ऐकू येत होती, आणि आमच्या हातात एक काडेपेटी होती. काडी ओढायची, दोन दगड उचलायचे, काडी विझायची, पुन्हा ओढायची. उजाडायला दोन तास होते.

वडिलांची बॅटरी चार दिवसांनी मातीत सापडली. पोचा आला होता, पण पेटली.

माझी आता उशाशी, जमिनीवर असते. अंधारात हात टाकला की मिळेल अशी, दररोज त्याच जागी. झोपण्याआधी एकदा बटण दाबून फरशीवर उजेड पाडतो. रात्री उठावं लागलं तरी तसंच. उजेड पाडतो, खाली बघतो आणि मगच पाय टेकवतो.